घरगुती मिग मशीन, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण वायर अडते

आठ महिन्यांच्या वापरानंतर या छोट्या मिग वेल्डिंग मशीनबद्दल (यात वेल्डिंगची वायर रोलर आपोआप पुढे ढकलतो) तक्रार एकच आहे: वायर. आर्क स्थिर राहतो, दोन-तीन मिमीच्या पत्र्यावर टाका छान बसतो, पण वायर अडली की सगळं काम ठप्प. अशा वेळी हात आधी रोलरच्या प्रेशर नॉबकडे जातो आणि तिथेच चूक होते. नॉब आवळून अडथळा जात नाही. वायर पुढे जाऊ शकत नाही, मागून रोलर ढकलत राहतो आणि रोलर व लायनर (केबलमधून हातातल्या टॉर्चपर्यंत वायर नेणारी नळी) यांच्यामधल्या फटीत तिचा गुंता होतो.

आधी बघायचं ते रोलर फिरतो का. मशीनचं झाकण उघडा, अर्थ क्लॅम्प जॉबवरून, म्हणजे जोडायच्या तुकड्यावरून, काढून लांब ठेवा आणि टॉर्चचा ट्रिगर दाबा. ट्रिगर दाबलेला असताना स्पूलपासून (वायरच्या रिळापासून) टिपपर्यंत (टॉर्चच्या तोंडाचं भोकाचं टोक, जिथून वायर बाहेर येते) सगळी वायर लाइव्ह असते, हात लावू नका. रोलर हललाच नाही तर फ्यूज, ट्रिगरचे कॉन्टॅक्ट आणि फीड मोटरचं कनेक्शन तपासा. ट्रिगर दाबल्यावर आतून रिलेचा ‘टक्’ आवाज येत असेल तर ट्रिगर बहुधा ठीक आहे, मोटरकडे वळा.

रोलर फिरतोय पण वायरवर नुसता घसरतोय, ही खरी नेहमीची केस. मशीन बंद करा, नोझल (टिपभोवतीची बाहेरची टोपी) आणि टिप काढा, प्रेशर आर्म (वायर रोलरवर दाबणारा दांडा) उचला आणि टॉर्चच्या तोंडाशी पक्कडीने वायर ओढा. आता सहज आली तर दोष टिपचा. तरीही जड वाटली तर रोलरच्या मागे वायर कापून पुन्हा ओढा. तरी जडच असेल तर लायनर, हलकी झाली तर स्पूल.

टिपमध्ये वायर वितळून चिकटलेली असते, किंवा भोक झिजून लांबट झालेलं असतं. घासूनपुसून वेळ घालवू नका, नवी लावा. पाच-सहा टिपा जवळ असाव्यातच. 0.8 मिमीची वायर असेल तर टिपही 0.8 ची.

लायनर म्हणजे स्टीलच्या तारेची लांब स्प्रिंग. वायरवरचा तांब्याचा भुगा आणि गंज तिच्यात साचतो. वायर पूर्ण काढून कॉम्प्रेसरची हवा मारा, डोळ्यांवर चष्मा हवाच. काळपट भुगा बाहेर येतो आणि फरक लगेच जाणवतो. तेल मात्र सोडू नका: भुगा त्यालाच चिकटतो आणि टाक्यात छिद्रं पडतात. लायनरला मोड पडली असेल तर तो बदलायचाच. नवा कापताना टॉर्च जमिनीवर सरळ पसरा. लायनर आखूड पडला तर टिपच्या मागे फट राहते आणि वायर तिथेच वाकते. कापलेल्या टोकाची धार कानसून काढा.

रोलरला बहुतेक 0.6 आणि 0.8 अशा दोन खाचा असतात. आकड्यावर न विसंबता वायर खाचेत ठेवून बघा. सॉलिड (भरीव) वायरला गुळगुळीत व्ही खाच, फ्लक्स कोअरला (आत फ्लक्सची पूड भरलेली नळीसारखी वायर) दातेरी. दातेरी खाचेत सॉलिड वायर चालवली की ती खरवडली जाते आणि तो कीस थेट लायनरमध्ये जातो. फ्लक्स कोअर आतून भरीव नसते, त्यामुळे जास्त दाबाने चपटी होऊन टिपमध्ये अडकते.

दाब असा लावा: नॉब सैल करा, टॉर्चचं तोंड कोरड्या लाकडापासून चार-पाच सेंमीवर तिरकं धरा आणि ट्रिगर दाबा. रोलर घसरला तर थोडं थोडं आवळत जा; वायर लाकडावर आपटून वळत पुढे येऊ लागली की थांबा. स्पूलचा ब्रेक इतकाच घट्ट हवा की ट्रिगर सोडल्यावर स्पूल पुढे धावणार नाही.

या मशीनचा कच्चा दुवा म्हणजे प्लास्टिकचा प्रेशर आर्म. तो किंचित लवतो, रोलर तिरका बसतो आणि वायर खाचेच्या कडेला चढते. धातूच्या आर्मचं मॉडेल मिळत असेल तर थोडे जास्त पैसे त्यावरच घालवावेत.

गुंता झालाच तर दोन्ही बाजूंनी कापून काढा, मागे ओढू नका. नवं टोक तिरकं न कापता सरळ कापून कानसा, पहिले दहा सेंमी सरळ करा, टॉर्चची केबल सैल पसरवून टिप काढलेली असतानाच वायर घाला. दमट दिवसांत काम नसेल तर स्पूल काढून बंद पिशवीत ठेवा. वायरवर लालसर डाग दिसले तर तेवढे वेढे कापून टाका, लायनरमध्ये जाऊ देऊ नका.