तिन्ही ऋतू काढल्यावर: ड्रमची गव्हाण, जुना पट्टा, घरची पाण्याची लाईन आणि ती बाइंडिंग तार

गोठ्यात गव्हाण टिकली, पाण्याची लाईन टिकली, गाईंखाली टाकलेला जुना कन्व्हेयर पट्टा काठावर पास झाला. नापास झाली ती बाइंडिंग तार, सळ्या बांधायची बारीक लोखंडी तार. या सगळ्या जुगाडातली सर्वांत स्वस्त वस्तू हीच आणि सर्वांत महाग पडू शकते तीही हीच. कडबाकुट्टीच्या, म्हणजे चारा बारीक कापायच्या यंत्राच्या तोंडाशी बसवलेलं चुंबक पुसताना त्याला इंच-इंचभर तारेचे तुकडे चिकटलेले निघाले. एकाच्या टोकाला पक्कडीने मारलेला पीळ जसाच्या तसा होता. कडब्याच्या गंजीवर शेडनेट बांधताना मारलेला तो पीळ. उन्हा-पावसात गंजून तुटला, कडब्यात पडला आणि कुट्टीच्या पात्याने त्याचे गाईच्या जिवावर बेततील असे तुकडे केले. म्हणून हे लिहायला घेतलं. मुक्त संचार गोठा म्हणजे काय, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) कसा करतात, वगैरे इथे सांगत बसत नाही.

आधी ड्रम. २०० लिटरचा निळा प्लास्टिकचा ड्रम साधारण ३५ इंच उंच आणि २३ इंच व्यासाचा असतो. उभा चिरला की ३५ इंच लांब, २३ इंच रुंद, साडेअकरा इंच खोल अशा दोन गव्हाणी होतात. एका गाईला एक पुरते. भंगारवाल्याकडे हजाराच्या आसपास मिळतो, म्हणजे गव्हाण पाचशेला. सिमेंटच्या गव्हाणीचा गवंडीसुद्धा तेवढ्यात येत नाही.

ड्रम घेताना आत आधी काय होतं एवढंच विचारायचं. लिक्विड ग्लुकोज, माल्ट, खाद्यतेल चालतं. कुरकुंभ, महाड, लोटे या रासायनिक पट्ट्यांतून फिरत आलेला, लेबल खरवडलेला ड्रम फुकट दिला तरी घेऊ नका. प्लास्टिक रसायन शोषून घेतं. सोडा लावा, चुना लावा, उन्हात झाकण उघडून वास घ्या. वास परत येतो.

चिरताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. ड्रमच्या डोक्यावर दोन बूच असतात, समोरासमोर, कडेला. दोन्ही बुचांना जोडणारी रेघ मनात धरा आणि काप त्या रेघेला काटकोनात घ्या. मग प्रत्येक अर्ध्यात एक बूच येतं, तेही अगदी तळाशी. ड्रम बुचाच्या बाजूला अर्धा इंच उतार देऊन बसवला की गव्हाण धुतल्यावर बूच काढून पाणी सोडता येतं. वेगळं भोक नको, निपल नको. काप उलटा घेतला तर दोन्ही बूच कापात जातात आणि दोन्ही अर्धे बाद.

ग्राइंडरला लोखंड कापायची चकती लावली तर प्लास्टिक वितळून मागे पुन्हा चिकटत जातं. लाकडाचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणं म्हणजे बोटांशी खेळ. जिगसॉ असेल तर उत्तम, नाहीतर हॅक्सॉचं पातं आणि थोडा घाम.

चिरलेल्या ड्रमची एक खोड आहे. गोल होता तोवर ताकद होती; अर्धा झाला की ओला मुरघास भरल्यावर दोन्ही कडा बाहेर फाकतात, आणि गाय मानेने रेटते ती वेगळीच. त्यामुळे खाली नुसता पाळणा करून भागत नाही, वरच्या कडेला चौकट लागते. २५ बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी बाहेरून, ८ मिमीचे बोल्ट, डोकं आत आणि नट बाहेर. नट नायलॉनवाले घ्या, साधे ढिले होऊन गळतात. गव्हाणीचा तळ गाईच्या पुढच्या पायांच्या पातळीपेक्षा सहा-आठ इंच वर ठेवा.

कापलेली कड जिभेला लागते. तिथे ठिबकची जुनी २० मिमीची लॅटरल (रानात पसरायची काळी नळी) उभी चिरून चढवायची. १६ ची पातळ असते, गाई चघळून काढतात. आणि इथेच माणूस तारेचं भेंडोळं घेऊन बसतो. नका बसू. सहा-सहा इंचांवर ५ मिमीची भोकं पाडा, काळे केबल टाय घाला, शेपूट बाहेरच्या बाजूला आणि मुळाशी कापलेलं. पांढरे टाय उन्हात महिन्यांत तुकडे होतात, काळेच घ्या. ड्रमला चीर गेली तर गोंद किंवा इपॉक्सी चिकटणार नाही, या प्लास्टिकला काहीच धरत नाही. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं म्हणजे चीर पुढे सरकत नाही, मग त्याच ड्रमच्या तुकड्याची पट्टी हीटगनने वितळवून वर भरायची. तारेने शिवलेले ड्रम मात्र गावोगाव दिसतात. दृश्य बघवत नाही.

पाण्याची लाईन हा या सगळ्यातला खरा फायदा. एक लिटर दुधामागे गाईला चार-पाच लिटर पाणी लागतं असं धरतात, उन्हाळ्यात वीस लिटर दुधाची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय शंभर लिटरपर्यंत जाते. दोन वेळा पाणी दाखवून ते भागत नाही. बाजारातले तयार बाऊल, प्रत्येकाला स्वतंत्र झडप असलेले, एकेक हजार-दीड हजाराच्या पुढे. घरच्या पद्धतीत झडप एकच: एका झाकणाच्या बादलीत बॉल कॉक (पाणी भरलं की फुग्याने आपोआप बंद होणारी तोटी), त्या बादलीतून दीड इंची पीव्हीसी लाईन, आणि लाईनवर टी टाकून हवी तेवढी भांडी. बादलीत जी पातळी, तीच सगळीकडे.

यात फसतात ते उंचीत. गोठ्याला मूत वाहून जाण्यासाठी उतार असतो आणि लोक प्रत्येक भांडं जमिनीपासून सव्वादोन फुटांवर मोजून बसवतात. पन्नास फुटांच्या गोठ्यात त्या उताराने आठ-दहा इंचांचा फरक पडतो. मग खालच्या अंगाचं भांडं रात्रंदिवस सांडतं आणि वरच्या अंगाचं कोरडं. गवंड्याची लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) घ्या, एक रेघ मारा, सगळे काठ त्या रेघेला. जमीन विसरा. मोठ्या गाईंसाठी काठ २४ ते २७ इंचांत येईल असं मधल्या जागेवर बघायचं, उतार फार असेल तर दोन लाईन, दोन बादल्या.

लाईन अर्धा-पाऊण इंची टाकून पैसे वाचवू नका. गाय मिनिटात दहा-पंधरा लिटर ओढते. बारीक लाईनला भांडं रिकामं पडतं आणि ती चाटत उभी राहते. भांड्यातून लाईनला जाणारं तोंड तळापासून इंचभर वर ठेवा, म्हणजे तोंडातून पडलेला भुसा भांड्यातच बसतो, लाईनमध्ये जात नाही. शेवटच्या टोकाला दीड इंची चावी हवीच, आठवड्याला सोडायची. भांड्यांना आतून चुना मारा, म्हणजे शेवाळ धरत नाही.

बॉल कॉक प्लास्टिकचा घेतला होता, ऐंशी रुपयांचा. दांडा मोडला आणि टाकी रातोरात वाहून गेली. पितळी पाचपट महाग, पण दांडा पितळी आणि फुगा तेवढा प्लास्टिकचा, ही जोडी चांगली. बादलीला झाकण आणि झाकणावर दगड, नाहीतर गाय फुगा जिभेने खेळवते. दुकानदाराने मोडलेला परत घ्यायला नकार दिला, "पाण्यात घातला की गॅरंटी संपली" म्हणे. बॉल कॉक पाण्यात नाही तर कुठे घालायचा?

या पद्धतीचा एक दोष मानलाच पाहिजे. लाईन सलग असल्याने एकीची लाळ दुसरीच्या भांड्यात जाते. लाळ्या-खुरकुताची साथ असेल तेव्हा लाईन बंद करून बादलीने पाणी पाजायचं. नवी विकत आणलेली गाय पहिले दोन-तीन आठवडे या लाईनवर घ्यायची नाही. तयार बाऊलमध्ये ही भीती कमी, तेवढा मान त्यांना.

जुना कन्व्हेयर पट्टा बसवला तेव्हा वाटलं होतं की रबरी मॅट विकणाऱ्यांनी आता दुकान बंद करावं. साखर कारखाना किंवा खडी क्रशरकडून निघालेला, १०-१२ मिमी जाड, एका गाईला चार बाय साडेसहा फूट. नव्या मॅटच्या निम्म्यापेक्षा कमी पैशात. उन्हाळाभर हेच मत होतं. पावसाळ्याने बदललं. शेण-पाण्याने वरची बाजू तेलकट होते, गाई उठताना मागचे पाय घसरतात. खाली मूत साचतं, अळ्या होतात, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. उचलून धुवायचा म्हटलं तर एक तुकडा पस्तीसेक किलोचा. उपाय आहेत: झिजलेली, खरबरीत बाजू वर टाकणं, पट्टा फक्त डोक्याकडून दोन अँकर बोल्ट आणि रुंद वायसरने धरून शेपटाकडून मोकळा ठेवणं, म्हणजे दोघांनी दुमडून खाली फवारा मारता येतो. तरी मऊपणा नाहीच. काँक्रीटपेक्षा बरा, मॅटपेक्षा कमी. गाभण आणि ताज्या (नुकत्याच व्यालेल्या) गाईंच्या जागी आता विकतची मॅट टाकणार, पट्टा येण्याजाण्याच्या वाटेवर.

आणि पुन्हा तार. पट्टे दोन जातीचे: आत नायलॉनचं कापड असलेले आणि आत पोलादी दोर असलेले. कापलेली कड बघा. कापडाचे थर दिसले तर घ्या, चकाकते ठिपके दिसले तर सोडा. जोडाच्या जागी पत्र्याचे किंवा तारेचे हूक असतात, तो फूटभर भाग कापून टाकायचाच, भंगारवाला वजनात धरत असला तरी.

एवढी तारेची कटकट का, ते सांगतो. गाय चावून खात नाही, गिळते आणि मग रवंथ करते. तिला ओठा-जिभेने खडा, खिळा, तार वेगळी काढता येत नाही. जड वस्तू पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते. तो कप्पा पोट आणि छातीमधल्या पडद्याला लागून, आणि पडद्याच्या पलीकडे लगेच हृदय. कप्पा आकुंचन पावला की टोक पुढे सरकतं. शेवटच्या महिन्यात वासराचा भार आला किंवा विताना कळा दिल्या की आणखी. दूध एकाएकी उतरतं, रवंथ थांबतो, गाय कोपरं बाहेर काढून पाठ वर करून उभी राहते, उतारावर जायला मागत नाही, उठताना-बसताना कण्हते. मानेखाली, पुढच्या पायांमध्ये पाणी भरल्यासारखी सूज आली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अपचन समजून पाचक पावडर देत बसण्यात दिवस जातात. डॉक्टरांना सरळ "तार असेल का" असं विचारा. त्यांच्याकडे पोटात सोडायचं गुळगुळीत चुंबक असतं, ते कप्प्यात कायमचं राहतं आणि तार धरून ठेवतं.

स्पीकरचं चुंबक गाईला द्यायचं नाही. ते ठिसूळ आणि धारदार कडांचं असतं. त्याची जागा कुट्टीच्या यंत्रावर. भंगारातल्या आठ-दहा इंची स्पीकरची गोल चुंबकं दोन-तीन घ्या आणि कापलेला चारा जिथून घसरत बाहेर पडतो त्या घसरगुंडीच्या रुंदीभर ओळीने बसवा. लोक ती लोखंडी पत्र्याच्या खालून चिकटवतात आणि मग म्हणतात काही धरत नाही. धरणार कसं, सगळी ओढ तो पत्राच खातो. पत्र्याला तेवढी खाच कापून चुंबकाचं तोंड उघडं ठेवा, किंवा तो तुकडा ३०४ स्टेनलेस स्टीलचा टाका, ज्याला चुंबक चिकटत नाही. ओढ इंचभराच्या आतच चालते, म्हणून चाऱ्याचा थर जाड पडत असेल तर घसरगुंडी जरा रुंद करून थर पातळ करायचा. संध्याकाळी फडक्याने पुसायचं. ॲल्युमिनियम, तांबं यात सापडत नाही, त्यामुळे वायरिंगवाला गोठ्यात काम करून गेला की त्याच्या मागे झाडू आपणच मारायचा.

शेडनेटला आता प्लास्टिकच्या क्लिपा आणि नायलॉन दोरी आहे. तार लागलीच तर ८ गेजची जाड, टोक आत वळवून, आणि वैरणीच्या डोक्यावर नाहीच. मुरघासाच्या खड्ड्यावर वजनाला ट्रकचे जुने टायर टाकले असतील तर तेही काढा. रेडियल टायर फाटला की आतली पोलादी तार केसाएवढी बारीक सुटून थेट मुरघासात येते, आणि ती हाताला लागते तेव्हाच कळते. वाळू भरलेल्या खताच्या गोण्या तेच काम करतात. गोणी फाटली तर वाळूच सांडेल.