एकेटी सबस्ट्रेट अँटिबॉडी: लेबलवर नाव एकाचं, बँड सगळ्या भावंडांचे

एकेटी हे इन्शुलिनच्या इशाऱ्यावर इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणारं एन्झाइम; ते ज्यांना फॉस्फेट लावतं ती त्याची सबस्ट्रेट, आणि ती शोधायला ही अँटिबॉडी विकतात. चार महिने आणि दोन बाटल्या संपवून लिहितेय. लेबलवर जाऊ नका, एवढं आधीच सांगते. ही अँटिबॉडी एकेटीला ओळखत नाही. ती ओळखते अमिनो आम्लांची एक ठरावीक ओळ: फॉस्फेट लागलेलं सेरीन किंवा थ्रिओनीन, आणि त्याच्या अलीकडे तिसऱ्या नि पाचव्या जागी आर्जिनीन. मधे कोण बसलंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही.

एकेटीला हीच ओळ का लागते? आर्जिनीनवर धन प्रभार असतो आणि कायनेजच्या (म्हणजे फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमच्या) खाचेत त्याच्यासमोर ऋण प्रभाराची आम्लं असतात. आर्जिनीन तिथे रुतले की सेरीनचा हायड्रॉक्सिल नेमका एटीपीच्या टोकाच्या फॉस्फेटसमोर येतो आणि फॉस्फेट उचलतो. घोळ असा की साधारण अशीच खाच एस६के, एसजीके आणि आरएसके या कायनेजनाही आहे. सगळी एजीसी नावाच्या एकाच कायनेज घराण्यातली.

माझ्या ब्लॉटवर हा घोळ लगेच दिसला. (ब्लॉट म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करून मेम्ब्रेनवर उतरवायची; अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे पट्टी, म्हणजे बँड, दिसतो.) चरबीच्या पेशी सीरमविना उपाशी ठेवल्या, मग १०० नॅनोमोलर इन्शुलिन, १५ मिनिटं. मेम्ब्रेनवर बँडची शिडीच उभी राहिली: १६० किलोडाल्टनजवळ एक, ४० जवळ एक आणि ३२ ला सगळ्यात ठळक. मी खूश. गाइड मॅडम म्हणाल्या, "रॅपामायसिन देऊन बघ." दिलं; हे औषध एस६केचं काम थांबवतं. ३२ चा बँड गायब, बाकीचे दोन ढिम्म! तो रायबोसोमचा एस६ होता, आणि त्याला फॉस्फेट लावणारं एस६के. माझी अर्धी आकृती तिथेच बाद झाली.

तरी नवी लक्ष्यं शोधायला ही बाटली खरंच कामाची. इन्शुलिनच्या अभ्यासात आज सगळ्यांना ठाऊक असलेलं एएस१६० हे प्रथिन २००२ मध्ये याच जातीच्या अँटिबॉडीने हाती लागलं. फक्त बँड दिसला म्हणजे एकेटीनेच केलं असं लिहू नका. एकेटीचा इनहिबिटर (त्याला रोखणारं रसायन) आणि रॅपामायसिन, दोन्ही दिलेल्या नमुन्यांच्या लेन ब्लॉटवर हव्यातच. आणि ओळ जुळणारं प्रत्येक प्रथिन उजळेल असंही नाही. ती ओळ घडीत दडलेली असली, किंवा प्रथिन आणि कायनेज पेशीत एकमेकांना भेटतच नसले, तर अँटिबॉडीला दिसायला काही उरत नाही. जीएसके-३ या वेगळ्या कायनेजवर काम करणाऱ्यांनी तर नादीच लागू नये. त्याला बहुतेकदा चार जागा पुढे आधीच लागलेलं फॉस्फेट हवं असतं, आर्जिनीन नव्हे.

पहिला ब्लॉट मात्र माझ्याच चुकीने गेला. सवयीने दुधाच्या पावडरीत ब्लॉक केलं, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेनच्या रिकाम्या जागा झाकल्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं प्रथिन, त्यामुळे मेम्ब्रेनभर काळं. ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या.

कंपनीबद्दल तक्रार एकच. दुसऱ्या बाटलीचा लॉट वेगळा निघाला, तेच नमुने लावून ४० चा बँड निम्म्याने फिका. मेल केला, तर उत्तरादाखल प्रोटोकॉलची पीडीएफ आली. ती माझ्याकडे होतीच.

पाचपैकी साडेतीन. १:१००० चं द्रावण सोडियम अझाइड घालून ४ अंशांवर ठेवलंय. तिसऱ्या वापरातही १६० चा बँड स्वच्छ येतोय.