ओपनसीव्ही सोर्समधून कंपाइल करून वापरताना: दोन हंगामांचा अनुभव

उबंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती टाकल्यावर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची आवृत्तीही बदलली आणि संत्र्यांच्या प्रतवारीचा आमचा प्रोग्राम सुरूच होईना, कारण ओपनसीव्ही या चित्रे तपासणाऱ्या लायब्ररीचे सोर्समधून (म्हणजे मूळ कोड स्वतः कंपाइल करून, संगणकाला चालवता येईल अशा रूपात आणून) तयार केलेले मोड्यूल पायथॉनच्या ज्या आवृत्तीसाठी कंपाइल झाले असेल, तिलाच ते सापडते. आंबिया बहाराचा माल शेडमध्ये पडून असताना सगळे पुन्हा कंपाइल करावे लागले.

तयार पॅकेज का वापरत नाही, असा प्रश्न येईल. शेडमधल्या कॅमेऱ्याचे चित्र आम्ही जीस्ट्रीमर या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून घेतो आणि पिपने (पायथॉनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने) मिळणाऱ्या तयार पॅकेजात जीस्ट्रीमरची सोय नसते. तेवढ्यासाठी ८ जीबी रॅमच्या जुन्या इंटेल डेस्कटॉपवर हा खटाटोप करावा लागतो. प्रोसेसरचे सगळे कोअर एकदम कामाला लावले, तर रॅम संपून कंपायलर मध्येच मारला जातो. दोनच कामे समांतर ठेवली की वेळ जास्त लागतो, पण काम पार पडते.

माझी खरी तक्रार कंपाइलच्या वेळेबद्दल नाही, ती सीमेकच्या, म्हणजे कंपाइलआधी सगळी जुळवणी करणाऱ्या साधनाच्या, टप्प्याबद्दल आहे. सोर्सचा संपूर्ण संच हाताशी असला तरी या टप्प्यावर काही फाइली इंटरनेटवरून उतरवल्या जातात आणि वरूड तालुक्यातल्या आमच्या गावात मोबाइलचे नेट नेमके तेव्हाच दगा देते. फाइल आली नाही, तर सीमेक थांबत नाही. शेकडो ओळींच्या गर्दीत एक इशारा छापून पुढे जातो. चित्रांवरचे काम वेगाने करणारी इंटेलची आयपीपी लायब्ररी उतरली नाही, तर ती वगळूनच सगळे कंपाइल होते. कॉन्ट्रिब या ओपनसीव्हीच्या जादा मोड्यूलच्या संचातल्या बूस्टडेस्क या भागाच्या फाइली राहिल्या, तेव्हा तर कंपाइल बरेच पुढे गेल्यावर ‘फाइल सापडत नाही’ म्हणून थांबले. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून, इन्व्हर्टरची बॅटरी राखून सुरू केलेले काम असे वाया जाते, तेव्हा फार चीड येते. जे मिळाले नाही, ते सुरुवातीलाच ठणकावून सांगायला हवे.

मागच्या हंगामात माझे ठाम मत होते की खेड्यातल्या नेटवर सोर्समधून कंपाइल करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. ते मत आता बदलले आहे. पेट्यांवरचे छापील चिन्ह ओळखायला सिफ्ट ही चित्रातल्या खुणा शोधण्याची पद्धत लागते आणि जुन्या लेखांत त्यासाठी कॉन्ट्रिब अनिवार्य सांगितलेले असते. पण सिफ्टचे पेटंट मार्च २०२० मध्ये संपले आणि आवृत्ती ४.४.० पासून ते मुख्य लायब्ररीतच आले. त्यामुळे कॉन्ट्रिब पूर्ण वगळले. चाचण्या बंद केल्या, बिल्ड लिस्टमध्ये (काय काय कंपाइल करायचे त्या यादीत) लागणारी मोड्यूल तेवढीच ठेवली, आणि काम इतके आटोपशीर झाले की लाइन असलेल्या वेळेतच उरकू लागले.

उतरवलेल्या फाइली सोर्सच्या फोल्डरमधल्या ‘कॅश’ नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये राहतात. तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या नेटवर तो एकदा भरून पेनड्राइव्हने आणला की गावात नेटची गरजच उरत नाही, फक्त आवृत्ती तीच हवी. काय राहिले ते बिल्ड फोल्डरमधल्या डाउनलोडच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसते. मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल करवणारी आज्ञा, सुरू करण्याआधी मी तो लॉग आणि सीमेकने शेवटी छापलेल्या सारांशातली आयपीपीची ओळ न चुकता वाचतो.

मध्येच लाइन गेली, तर मेक जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते, ही मोठीच सोय आहे. मात्र वीज जाताना लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला एकेक तुकडा) कधी शून्य बाइटची उरते आणि तिची वेळ नवी असल्याने मेक ती पूर्ण झालेली समजतो. मग शेवटी सगळे तुकडे जोडताना, म्हणजे लिंक करताना, अडते. अशा रिकाम्या फाइली शोधून पुसल्या आणि मेक पुन्हा चालवले की तेवढ्याच नव्याने तयार होतात.

या वेळी पेनड्राइव्हवरच्या त्याच कॅशवर नव्या पायथॉनसाठी सगळे कंपाइल केले. सारांशात आयपीपी आणि जीस्ट्रीमर दोन्ही आले आणि प्रतवारी पुन्हा सुरू झाली.