कोरी डिस्क घेताना: सीडी की डीव्हीडी, माइनस की प्लस?

श्रावणातल्या कानबाईच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग काकांच्या जुन्या गाडीत वाजवायचंय, लग्नाचं शूटिंग गावाकडच्या टीव्हीवर दाखवायचंय की घरचे फोटो जपून ठेवायचेत? डिस्क यावरून ठरते. ती कुठल्या यंत्रात जाणार हे आधी पाहा, जीबी नंतर मोजा.

सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी, ७०० एमबीची असते, म्हणजे ८० मिनिटांची. इथे बरेच जण फसतात. ‘ऑडिओ सीडी’ हा पर्याय निवडला की एमपीथ्री फाइल कितीही लहान असो, गाणं उलगडून पूर्ण आकारात लिहिलं जातं आणि हिशोब मिनिटांचाच राहतो. तीच गाणी ‘डेटा’ म्हणून लिहिली तर १२८ केबीपीएस दर्जाची बारा तासांच्या आसपास मावतात, पण गाडीच्या डेकवर ‘एमपी३’ लिहिलेलं हवं. नसेल तर ऑडिओ सीडीच करा. गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता नको असेल तर ‘ट्रॅक ॲट वन्स’ऐवजी ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा.

डीव्हीडीच्या वेष्टनावर ४.७ जीबी असतं, संगणक मात्र ४.३७ दाखवतो. दुकानदाराने गंडवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. म्हणून ४.५ जीबीचं फोल्डर ‘मावत नाही’ म्हणून परत येतं.

माइनस आर (डीव्हीडी-आर) आणि प्लस आर (डीव्हीडी+आर) या एकदाच लिहायच्या दोन प्रकारांत आज फार फरक उरलेला नाही. गेल्या पंधरा वर्षांतले रायटर, म्हणजे डिस्क लिहिणारे ड्राइव्ह, दोन्ही लिहितात. प्लेअर फार जुना असेल तर माइनस आर घ्या, तो प्रकार आधी आला आणि जुनी यंत्रं त्याला सरावलेली असतात. एवढ्यावर वाद पुरे.

आरडब्ल्यूचं तसं नाही. ती हजारेक वेळा पुसून लिहिता येते, हे खरं. पण तिच्यावरून लेसरचा प्रकाश फार कमी परततो, त्यामुळे जुना प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणतो. व्हिडिओचा मेनू नीट चालतो का हे घरी तपासायला आरडब्ल्यू उत्तम. पाहुण्यांना द्यायची प्रत मात्र आर वरच. दुहेरी थराची ८.५ जीबीची डिस्क एका थरातून दुसऱ्या थरात जाताना अडखळते, विशेषतः स्वस्तातली. त्यापेक्षा दोन साध्या डिस्क बऱ्या. ब्लू-रे २५ जीबीची असते, पण तिला वेगळा रायटर आणि वेगळा प्लेअर लागतो. ते दोन्ही घरात नसतील तर विषय सोडा.

आता राइट करतानाचे पर्याय. कोरी डिस्क टाकली की विंडोज विचारतं: यूएसबी ड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी? पहिला पर्याय सोयीचा वाटतो, कारण फाइल ओढून टाकता येते, काढता येते. पण ती डिस्क बहुतेक प्लेअर वाचत नाहीत, आणि आर डिस्कवरची फाइल ‘डिलीट’ केली तरी जागा परत मिळत नाही. दुसऱ्याला द्यायची असेल तर दुसराच पर्याय. ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’वर खूण हवीच. ती राहिली की डिस्क आपल्या संगणकावर चालते आणि दुसरीकडे कोरी दिसते. ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल असेल तर ‘यूडीएफ’ ही डिस्कवर फाइल मांडायची पद्धत निवडा.

लग्नाच्या शूटिंगची एमपीफोर फाइल नुसती डिस्कवर टाकली म्हणजे व्हिडिओ डीव्हीडी झाली, असं नाही. साधा प्लेअर ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरातला एमपेग-२ व्हिडिओच ओळखतो. डीव्हीडीस्टायलर हे फुकट सॉफ्टवेअर ते रूपांतर करून देतं. त्यात ‘पाल’ ही आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत निवडा. एका डिस्कवर दोन तासच ठेवा. चार तास कोंबले तर हळदीच्या नाचात चेहऱ्यांचे चौकोन होतात. आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल, हातात असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘बर्न डिस्क इमेज’. ती फाइल नुसती कॉपी केली तर डिस्कवर एक आयएसओ फाइल दिसेल, बाकी काही नाही.

वेग १६ एक्स लिहिला असला तरी डीव्हीडीला ८ एक्स द्या. नऊ-दहा मिनिटं लागतील, पण चुका कमी होतात. लिहिलेलं पुन्हा वाचून तपासणारी ‘व्हेरिफाय’ची खूण वेळ साधारण दुप्पट करते, तरी ठेवा. डेस्कटॉप असेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका. बफर अंडररनचं (रायटरला डेटा वेळेत न पोचण्याचं) संरक्षण डेटा अडला तर सांभाळतं, लाईट गेली तर नाही. मग आर डिस्क वायाच जाते. बाहेरून जोडायचा यूएसबी रायटर मध्येच थांबत असेल तर हब काढा, संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. बहुतेकदा त्याला वीज अपुरी पडत असते.

जपून ठेवायला डीव्हीडी-आर सीडीपेक्षा बरी. सीडीचा डेटा छापील बाजूच्या पातळ लाखेखालीच असतो, तिथे ओरखडा गेला की संपलं. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये दबलेला असतो. तरी बॉलपेनने लिहू नका. सीडी मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. कागदी लेबल चिकटवलं तर डिस्क फिरताना थरथरते. आर डिस्कमध्ये रंगद्रव्य असतं, त्याला ऊन आणि उष्णता सोसत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशी गाठतो. पत्र्याखालचा माळा आणि गाडीचा डॅशबोर्ड तर त्याहून तापतो. डिस्क आतल्या खोलीतल्या कपाटात, कडक डबीत, उभी ठेवा. फोटोंची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर असू द्या आणि दोनेक वर्षांनी डिस्क एकदा संगणकात टाकून सगळ्या फाइल कॉपी होतात का ते पाहा. कॉपी रेंगाळायला लागली की नवी डिस्क राइट करायची वेळ झाली.