चाळीस पौंडांची टोपी

स्कॉटलंडचा फुटबॉल संघ परदेशात खेळायला निघाला की त्याचे समर्थक, म्हणजे टार्टन आर्मी, तिथल्या मुलांच्या एखाद्या संस्थेला मदत देऊन येतात. टार्टन आर्मी सनशाइन अपील ही नोंदणीकृत संस्था हे काम वर्षानुवर्षं चोख करते आहे. तिच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका भामट्याने नेमक्या याच पुण्याईवर आम्हाला टोपी घातली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलंडशी वॉर्सात सामना होता. त्याआधी ग्लासगोतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पोस्टर आलं: वॉर्सातल्या आजारी मुलांसाठी माणशी चाळीस पौंड. फोटोत मुलांच्या गळ्यात निळे मफलर होते. मफलर नंतर चिकटवलेले होते; एकाचीही सावली अंगावर पडलेली नव्हती. पण असा फोटो पाहताना मफलर कोण बघतो?

पैसे पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं की नाव जुळत नाही, खातं एका व्यक्तीचं आहे. या पठ्ठ्याने तेही आधीच लिहून ठेवलं होतं: ‘बँक असा इशारा देईल, खजिनदाराचं खातं आहे, पुढे जा.’ बँक काय बोलेल हे पैसे मागणाराच आधी पढवत असेल तर हात तिथेच आवरा. एकाने गिफ्ट एडचा, म्हणजे देणगीवर सरकारी भर मिळवून देणारा, फॉर्म मागितला, तर ‘छोट्या रकमेला लागत नाही’ असं उत्तर आलं. साफ खोटं. करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून पंचवीस पेन्स जास्तीचे मिळतात; खरी संस्था तो फॉर्म आपणहून पुढे करते. पण नाव-पत्ता भरून घेतला की हिशेब राहतो, आणि याला तोच नको होता.

पोस्टरवर एससीने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही होता. स्कॉटिश धर्मादाय नियामकाच्या नोंदवहीत तो टाकला तर भलतीच संस्था निघाली. ही नोंदवही ऑनलाइन आहे, फुकट आहे. नाव आणि क्रमांक दोन्ही जुळवा, आणि चौकशी करायची तर पोस्टरवरच्या नंबरवर नको, संस्थेचा पत्ता नोंदवहीतून घ्या.

बँकेत गेलो. ७ ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीचे पैसे बँकांना परत द्यावे लागतात, हे ऐकून होतो. मात्र त्यातले पहिले शंभर पौंडांपर्यंत बँक कापून घेऊ शकते, हे तिथे कळलं. माझे चाळीस त्यातच गेले, ग्रुपमधल्या बाकीच्यांचेही. चाळीसचा आकडा त्याने उगाच निवडला नसावा. एवढ्याशा रकमेसाठी कोण कटकट करणार, म्हणून बहुतेकांनी तक्रारच केली नाही.

मी केली. त्या वेळी इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडसाठी असलेली अ‍ॅक्शन फ्रॉड ही फसवणुकीची तक्रार नोंदवण्याची सोय स्कॉटलंडमधल्यांना लागू नव्हती. इथे थेट १०१ वर पोलिसांना कळवावं लागतं. पोस्टर, खातं क्रमांक आणि बँकेच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. ग्रुपवरचे मेसेज तेवढ्यात उडवले जातात, आमचेही उडाले.