बाल्डर्स गेट पहिला की तिसरा? जुने आणि नवे आरपीजी पुन्हा हाती घेणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

नोकरी आणि संसार स्थिरस्थावर झाल्यावर पुन्हा एकदा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे लांबलचक कथेचे संगणकीय खेळ, खेळायला बसावे, असे मनात असलेले बरेच जण छत्रपती संभाजीनगरपासून उदगीरपर्यंत भेटतात. जुने, नावाजलेले खेळ धरावेत की आता आलेले, हा त्यांचा प्रश्न असतो. इथे एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. मराठवाड्यात दोन हजारच्या दशकात वाढलेल्या पिढीचे खेळणे सायबर कॅफेत तासाच्या दराने झाले. तिथे काउंटर-स्ट्राइक किंवा व्हाइस सिटी चालत असे. साठ तासांची कथा तिथे परवडणारी नव्हती आणि आज सेव्ह केलेला खेळ उद्या त्याच संगणकावर सापडेल याचीही खात्री नसे. त्यामुळे इथल्या अनेकांच्या बाबतीत जुन्या आरपीजीकडे ‘परत जाणे’ ही प्रत्यक्षात पहिलीच भेट असते, आणि जुन्या आठवणींच्या जोरावर हे खेळ गोड वाटतील असे गृहीत धरून निर्णय घेऊ नये.

माझ्या मते खरा फरक चित्रांच्या दर्जात नसून खेळ आपली परीक्षा केव्हा पाहतो यात आहे. जुना खेळ पहिल्या चार-पाच तासांत परीक्षा घेतो आणि त्यातून तरलेल्याला शेवटपर्यंत सहसा सोडत नाही. नवा खेळ सुरुवातीला हात धरून नेतो आणि त्याची परीक्षा तीस-चाळीस तासांनंतर सुरू होते, जेव्हा नकाशावर खुणांची गर्दी होते आणि कथेचा मूळ धागा हातातून निसटू लागतो.

१९९८ साली पाच सीडींवर आलेला बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट’ पाहा. तो ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतो. तिथे चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक, आणि हे खेळ स्वतःहून नीट समजावत नाही. पहिल्या पातळीवरच्या जादूगाराचे प्राण चार-सहा गुणांपलीकडे जात नाहीत, म्हणजे एखादा लांडगासुद्धा त्याला पुरतो. सुरुवातीलाच ‘फ्रेंडली आर्म इन’ नावाची सराय लागते. तिच्या पायऱ्यांवर एक मारेकरी जादूगार उभा असतो. तो आधी स्वतःच्या फसव्या प्रतिमा उभ्या करतो, मग भीतीचा मंत्र टाकतो, आणि आपली माणसे सैरावैरा धावत सुटतात. नवख्याचा पहिला डाव बहुधा तिथेच संपतो. मात्र स्पेसबार दाबून लढाई थांबवायची, प्रत्येकाला वेगळा हुकूम द्यायचा आणि मंत्र पुरा होण्याआधी जादूगारावर बाण सोडायचा, एवढे एकदा अंगवळणी पडले की पुढचा सगळा खेळ त्याच शिकवणीवर चालतो.

लारियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. तो त्याच नियमांची पाचवी आवृत्ती वापरतो आणि वार लागण्याची शक्यता किती टक्के आहे हे आधीच दाखवतो. संवादाच्या वेळी फासा पडद्यावर डोळ्यांदेखत फिरतो. लढाई पाळीपाळीने होते आणि कठीणपणा केव्हाही कमी करता येतो. कथेचा पहिला अंक घट्ट बांधलेला आहे. अडचण तिसऱ्या अंकात, प्रत्यक्ष बाल्डर्स गेट या शहरात पोहोचल्यावर येते. तिथे अपुरी कामे एकावर एक साचतात, आणि आठवड्यातून एखादाच रविवार हाताशी असलेल्या माणसाला आपण कोणाला काय वचन दिले होते हेच आठवेनासे होते. मालिका क्रमाने खेळलीच पाहिजे असे मात्र नाही. तिसऱ्या भागाची कथा पहिल्या दोन भागांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडते. आधीचे भाग खेळलेल्यांना जाहेइरा आणि मिन्स्क ही त्यातली पात्रे पुन्हा भेटल्याचा जास्तीचा आनंद मिळतो, इतकेच.

वाट दाखवण्याच्या बाबतीत ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘स्कायरिम’ (२०११) हे एकाच मालिकेतले दोन खेळ शेजारी ठेवले की काळाचा फरक लख्ख दिसतो. मॉरोविंडमध्ये सेडा नीन या लहानशा बंदरगावी आपल्याला सोडले जाते आणि बालमोरा गावातल्या एका माणसाला पुडके नेऊन द्यायला सांगितले जाते. तो कुठे राहतो हे गावातल्या मद्यशाळेत विचारायचे असते. नकाशावर बाण उमटत नाही. अमुक पुलापुढे डावीकडे, अमुक टेकडीला वळसा घालून, अशा वर्णनांवर चालायचे असते, जसे आपल्याकडे शिवारातल्या एखाद्या वस्तीचा पत्ता विचारत जावे लागते. गावाबाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर आकाशातून एक जादूगार किंचाळत खाली पडतो आणि मरतो. त्याच्या अंगावरच्या कागदाच्या गुंडाळ्यांत प्रचंड उडी मारण्याचा मंत्र असतो. उडी मारल्यानंतर जमिनीवर जिवंत कसे उतरायचे हे कोणी सांगत नाही. स्कायरिममध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीवरची खूण पाहत थेट मुक्कामी पोहोचता येते. दिवसभर कार्यालयात डोके शिणलेल्याला ती सोय नक्कीच हवीशी वाटेल, पण खूण पाहून चालणाऱ्याचे आजूबाजूच्या जगाकडे लक्ष कमीच जाते. आपल्याला प्रदेश ओळखीचा करून घ्यायचा आहे की काम उरकायचे आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता यंत्राकडे वळू, कारण आपल्या भागात बऱ्याचदा निर्णय इथेच होतो. ‘ऑब्लिव्हियन’ हा एकच खेळ दोन रूपांत मिळतो. २००६ च्या मूळ खेळाला पाच जीबीहून कमी जागा लागते, तर एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या नव्या रूपाला सव्वाशे जीबीच्या आसपास जागा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. ‘बाल्डर्स गेट ३’ तर दीडशे जीबी जागा मागतो आणि तीही एसएसडीवर, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणीवर. तालुक्याच्या गावी फायबर जोडणी असेल तर प्रश्न नाही, पण ज्यांचे सगळे मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर चालते त्यांना हा खेळ उतरवायला पंचाहत्तर दिवस लागतील, आणि तेही त्या काळात दुसरे काहीच पाहिले नाही तर. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की भारी खेळ चालवणारा लॅपटॉप दुपारी इतका तापतो की तो स्वतःचा वेग उतरवतो आणि चित्र अडखळू लागते. जुने खेळ ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही पंखा न घुमवता चालतात.

तरी ‘नवे म्हणजे भारी’ हे समीकरण सरसकट खरे नाही. २०१९ चा ‘डिस्को एलिसियम’ साध्या यंत्रावर चालतो. त्यात नेहमीच्या अर्थाची लढाई नाही, सगळा खेळ बोलण्यात आणि विचार करण्यात आहे. १९९९ च्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’चा तो थेट वारसदार म्हणावा असा आहे. ज्यांना वाचनाची आवड आहे आणि यंत्र जुने आहे त्यांनी नव्यांपैकी हाच आधी घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन.

लाईट जाण्याचा विचार खेळांच्या परीक्षणांत कोणी करत नाही, पण इथे तो करावाच लागतो. ‘फायनल फँटसी ७’सारख्या १९९७ च्या जपानी खेळात ठरावीक जागी किंवा मोकळ्या नकाशावरच सेव्ह करता येते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर ऐन वेळी वीज गेली की मधली सगळी मेहनत वाया जाते. २०२२ चा ‘एल्डन रिंग’ स्वतःहून सतत सेव्ह करत राहतो, त्यामुळे तिथे नुकसान जवळजवळ होत नाही. मात्र त्यात खेळ थांबवण्याची सरळ सोय नाही, आणि दारात पाहुणे आले किंवा आईने हाक मारली तर राक्षस काही आपल्यासाठी थांबत नाही. भरल्या घरात खेळणाऱ्यांना म्हणूनच पाळीपाळीने चालणारे किंवा स्पेसबारने थांबणारे खेळ अधिक मानवतात. या कसोटीवर ‘बाल्डर्स गेट’चे जुने आणि नवे दोन्ही भाग उत्तीर्ण होतात.

ज्यांच्याकडे संगणकच नाही त्यांच्यासाठी निवड जवळजवळ ठरलेली आहे. पहिल्या ‘बाल्डर्स गेट’ची सुधारित आवृत्ती, ‘क्रोनो ट्रिगर’ आणि २०२१-२२ मध्ये नव्याने आलेले ‘फायनल फँटसी’चे पहिले सहा भाग फोनवर मिळतात. लहान पडद्यावर बाल्डर्स गेटमधली अक्षरे बारीक दिसतात. जपानी खेळ फोनला अधिक शोभतात.

भाषेचा मुद्दा मराठी माध्यमातून शिकलेल्यांना अडवतो. हे सगळे खेळ इंग्रजीतच खेळावे लागतात. नव्या खेळांत पात्रे बोलतात आणि खाली अक्षरेही दिसतात, म्हणून ते सोपे असावेत असे वाटते. जुन्या खेळांत मजकूर फार असतो. प्लेनस्केपमध्ये तो सुमारे आठ लाख शब्दांचा आहे आणि पात्रांची बोली मुद्दाम वाकडी आहे. पण तो मजकूर आपण कळ दाबेपर्यंत जागचा हलत नाही, शब्दकोश उघडून पुन्हा वाचायला पुरेसा वेळ देतो. नव्या खेळातला घाईचा संवाद, विशेषतः चालता चालता झालेला, एकदा सुटला की सुटला. त्यामुळे इंग्रजीची भीती असेल तर प्लेनस्केप टाळावा, पण सगळेच जुने खेळ टाळण्याचे कारण नाही.

वेळ फारच कमी असलेल्यांसाठी २०२५ चा ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपेडिशन ३३’ हा फ्रेंच खेळ विचारात घेण्यासारखा आहे. त्याची मुख्य कथा तीसेक तासांत संपते, म्हणजे नव्या खेळांचा तो तिसाव्या तासानंतरचा थकवा यायच्या आतच. पाळीची लढाई असूनही शत्रूचा वार नेमक्या क्षणी अडवावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

राहता राहिला पैशाचा हिशेब. जुने खेळ सवलतीच्या काळात काही शे रुपयांत मिळतात, तर ‘बाल्डर्स गेट ३’ भारतात २,९९९ रुपयांना आला होता. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत आणि यूपीआयने पैसे भरता येतात, पण परतावा मिळवायचा तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून अर्ज करावा लागतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात मुदत तीस दिवसांची आहे, खेळ उतरवून चालवून पाहिला असला तरी ती लागू होते, आणि तिथली स्थापनेची फाइल हार्ड डिस्कवर ठेवून इंटरनेटविना केव्हाही वापरता येते. जुन्या खेळाची परीक्षा चार-पाच तासांची असल्याने तो जीओजीवरूनच घ्यावा. नव्या खेळाच्या बाबतीत दोन तासांत फार तर तो आपल्या यंत्रावर अडखळत नाही ना एवढेच कळते, आणि त्यातलाही बराच वेळ पात्राचे नाक आणि केस ठरवण्यात जातो. तेव्हा परताव्याची आशा असेल तर मिळेल तो चेहरा घेऊन आधी पहिली मोठी लढाई गाठावी.