खिशातला ब्रेथ अ‍ॅनालायझर: लाल दिवा खरा, हिरवा जपून

खिशात मावणारा ब्रेथ अ‍ॅनालायझर घ्यायचाच असेल तर फ्युएल सेलवालाच घ्यावा. स्वस्तातल्या सेमीकंडक्टर यंत्राचा सेन्सर अल्कोहोल आणि इतर वाफा यांत नीट फरक करत नाही. सिगारेटचा धूर किंवा मधुमेही माणसाच्या श्वासातला अ‍ॅसिटोन यांनीही आकडा चढू शकतो. फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर अल्कोहोलचे ऑक्सिडेशन होते, तेवढ्या प्रमाणात वीज तयार होते आणि तीच मोजली जाते. नाकाबंदीवर दिसणारी बरीच यंत्रे याच जातीची.

यंत्र आल्याआल्या ते आकडा कोणत्या एककात दाखवते ते तपासा. सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम, 0.03 टक्के, लिटरला 0.3 ग्रॅम आणि श्वासात लिटरला साधारण 0.14 मिलिग्रॅम, हे सगळे एकच. श्वासाच्या एककावर 0.20 दिसले आणि ‘0.3 च्या आत आहे’ म्हणून किल्ली फिरवली, तर प्रत्यक्षात रक्तात 42 मिलिग्रॅम असतात! भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम आहे, स्कॉटलंडमध्ये 50, इंग्लंडमध्ये 80. त्यामुळे आयात यंत्राचा हिरवा दिवा नेमका कोणत्या मर्यादेवर लावलाय, ते पुस्तिकेत बघाच.

शेवटच्या घोटानंतर किमान 15 मिनिटे थांबून फुंकावे. माउथवॉश, ढेकर किंवा उलटी झाली तर पुन्हा पहिल्यापासून 15 मिनिटे, कारण तोंडात उरलेले अल्कोहोल आकडा भलताच फुगवते. बीप थांबेपर्यंत एका दमात, एकसारखे फुंका. अर्धवट फुंकले तर फुप्फुसाच्या तळातली हवा येतच नाही आणि आकडा कमी दिसतो. थंडीत गाडीत राहिलेले यंत्र आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

लाल दिवा आला की विषय संपला. हिरव्याचे तसे नाही: शेवटच्या पेगनंतर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ, रक्तातले प्रमाण चढतच असते. हॉटेलातून निघताना हिरवा दिसलेला माणूस वाटेतल्या नाकाबंदीवर लाल निघू शकतो, आणि तिथे स्वतःच्या यंत्राचा आकडा दाखवून काही होत नाही.

खरा उपयोग दुसऱ्या दिवशी सकाळी. प्रमाण तासाला सरासरी 15 मिलिग्रॅमने उतरते. रात्री 12 ला 120 असेल तर सकाळी 6 लाही 30 उरतात. कॉफी, आंघोळ, लिंबूपाणी यांनी त्यात फरक पडत नाही. रात्रीची नाकाबंदी चुकवलेले लोक सकाळच्या तपासणीत सापडतात ते यामुळेच.

किमतीबरोबर कॅलिब्रेशनचा, म्हणजे सेन्सर तपासून आकडा पुन्हा अचूक जुळवून घेण्याचा, खर्चही धरा. ते सहा महिने ते वर्षभरात करावे लागते. काही मॉडेलांत सेन्सरच बदलून मिळतो, ते सोयीचे. घोट घेतल्याघेतल्या गंमत म्हणून फुंकू देऊ नका. त्या तीव्र वाफेने सेन्सर भरून जातो आणि पुढचे काही आकडे बेभरवशाचे येतात.